लेकीची मुंबई

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेलं भाषण)



सचिव मला म्हणाले, "बाई, दहा मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा." जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला दहा मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यातच जातात. तरी प्रयत्न करते.

टँकरचे दिवस, गळकी गच्ची, मानीव अभिहस्तांतरणाच्या फेऱ्या, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी सांगणार आहे एका सहलीची गोष्ट. गेल्या डिसेंबरात मी आणि माझी मुलगी एक दिवस मुंबई बघायला गेलो होतो. तुम्ही म्हणाल, मुंबई काय बघायची? बोईसरहून चर्चगेट शंभरेक किलोमीटर. आपण काय मुंबई पाहिली नाही?

मीही शंभर वेळा गेलेय. पण कशाला? दादरला लग्नाचा बस्ता घ्यायला. परळला ह्यांच्या तपासण्यांना. कोणाच्या तरी दहाव्याला. आणि २०१४ च्या १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा झाला, त्याआधी जिल्हा परिषदेच्या प्रत्येक कागदासाठी ठाण्याला. काम झालं की घड्याळ बघायचं आणि गाडी पकडायची. मुंबईत जाणं आणि मुंबई बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सहलीला कारण होतं. माझी मुलगी फोर्टमध्ये एका कचेरीत अकाउंट्सचं काम करते. पहाटे साडेपाचला घर सोडते, रात्री नऊला येते. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली तेव्हा आपल्या स्टेशनवर कोण आनंद झाला होता! त्याआधी शटल आणि मेल-एक्स्प्रेसच्या डब्यात उभं राहून प्रवास. लोकलने सोय झाली हे खरं, पण विरारच्या पलीकडे गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर बसा. विरार-डहाणू चौपदरीकरणाचं काम चालू आहे, होईल तेव्हा होईल. तोवर मुलीचे दिवसाचे पाच तास गाडीत.

दिवाळीनंतर ती मला म्हणाली, "आई, मी अंधेरीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊ का? सोमवार ते शुक्रवार." मी म्हटलं, "बघू." आपल्या घरांत 'बघू' या शब्दाचा अर्थ काय असतो ते इथल्या सगळ्या मुलांना ठाऊक आहे. (हशा) हे जाऊन सहा वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच. ती गेली की पाच दिवस मी आणि टीव्ही. शिवाय आईचं मन. ती तिथे काय खाते, कुठे जाते, कोणाबरोबर उठते-बसते, मला काय माहीत?

तिने वाद घातला नाही. म्हणाली, "तू 'बघू' म्हणालीस ना? मग चल, बघ. दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी आहे. माझी मुंबई एकदा बघ, मग सांग."

तर आम्ही निघालो. पहाटेची थेट चर्चगेट लोकल, लेडीज डबा. तिला सुट्टी होती, पण डब्यातल्या बऱ्याच जणींना नव्हती. मी चढले तशी आवाज आला, "अगं, हिची आई आली, सरका!" खिडकीची जागा मिळाली. उमरोळीला एक नर्सबाई चढल्या, पालघरला बँकेतल्या दोघी, केळवे रोडला भाजीच्या पाट्या घेऊन एक मावशी. कोणी मेथी निवडत होती, कोणी गजरा ओवत होती, एक जण मोबाईलवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. एकीने मला विचारलं, "काकू, गुडघा कसा आहे आता?" मी चाटच पडले. माझ्या गुडघ्याची बातमी डहाणूपासून विरारपर्यंत पोचली होती. मुलगी कोणाबरोबर उठते-बसते, याचं उत्तर मला सफाळ्याच्या आतच मिळालं.

वैतरणेचा पूल आला. उजाडत होतं. वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला जातं, हे मी मुलांना भूगोलात कितीदा शिकवलं. पाणी आपल्या भागाचं, घोलवडचे चिकू आपले, सातपाटीची मासळी आपली आणि या डब्यातल्या मुलीही आपल्याच. मनात म्हटलं, एवढं सगळं आपण मुंबईला पाठवतो, तर एक दिवस ते जातं कुठे हे बघायचा आपल्यालाही हक्क आहे.

चर्चगेटला उतरून पाच मिनिटांत ओव्हल मैदान. तिथे उभं राहिलं की दोन मुंबया समोरासमोर दिसतात. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या काळ्या-पिवळ्या दगडाच्या टोकदार इमारती, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या. दुसऱ्या बाजूला १९३० च्या सुमाराच्या, गोल गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. मधल्या मैदानात मात्र पोरं क्रिकेट खेळत होती, आणि त्यांना वारशाचं काही देणंघेणं नव्हतं.

राजाबाई टॉवर तिथूनच दिसतो. तो बांधायला १८६९ ते १८७८ अशी नऊ वर्षं लागली, उंची सुमारे २८० फूट. पैसे दिले प्रेमचंद रायचंद या कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याने, आणि नाव दिलं आईचं, राजाबाईंचं. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं, आणि जैन असल्यामुळे संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत घ्यायचं असे. घड्याळाचे टोल ऐकून त्यांना वेळ कळावी, म्हणून हा मनोरा. मुलगी म्हणाली, "आई, माझ्या पगारात एवढा टॉवर होणार नाही. तुला नवीन चष्मा करून देते." चष्मा झाला. हा बघा, हाच. (टाळ्या)

तिथून चालत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटनचं कारंजं १८६४ सालचं. त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. आपल्या पालघरलाही हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारातल्या पाच हुतात्म्यांचा. तिथे मी दरवर्षी मुलांना घेऊन जायची. मी हात जोडले. मुलगी म्हणाली, "मी रोज इथूनच जाते. आज पहिल्यांदा थांबले." मग समोरच्या गल्लीतली तिची कचेरी दाखवली. बंद होती. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी, एवढंच. पण आता ती "ऑफिसात आहे" म्हणाली की मला ती खिडकी दिसते.

दुपारी तिच्या नेहमीच्या उडप्याच्या हॉटेलात जेवलो. वेटर म्हणाला, "आज मम्मी आली? मग भात गरम आणतो." काय खाते, हाही प्रश्न सुटला.

मग वस्तुसंग्रहालय. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. सगळं बघायचं म्हटलं तर दोन दिवस लागतील. मला पाहायचा होता तो सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, जिथे आपण गर्दीने कावतो, ते दोन हजार वर्षांपूर्वीचं मोठं बंदर. अशोकाच्या लेखांत आई-वडिलांचं ऐकावं असं पुन्हापुन्हा सांगितलेलं आहे. मी ते मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, "ऐकते ना. पण आता तू माझं ऐक आणि त्या बाकावर दहा मिनिटं बस. गुडघा सुजलाय." बसले. सम्राटापुढे काय बोलणार?

गेटवेला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली आले त्याची ही आठवण. गंमत म्हणजे ते आले तेव्हा कमान बांधलेलीच नव्हती. ती पुरी झाली १९२४ ला. आणि १९४८ च्या २८ फेब्रुवारीला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून परत गेली. राजाच्या स्वागतासाठी बांधलेली कमान शेवटी त्यांच्याच फौजेला निरोप द्यायला कामी आली. घारापुरीच्या लाँच लागलेल्या होत्या, पण एवढ्या पायऱ्या चढणं त्या दिवशी माझ्याच्याने होणार नव्हतं. तसं मी स्पष्ट सांगितलं, आणि मुलीने पुन्हा आग्रह केला नाही.

शेवटी टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. दिवे लागले होते. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केला, बांधायला दहा वर्षं लागली. २००४ पासून तीही जागतिक वारसा. पण मला सगळ्यात आवडलं ते हे, की तिच्यावरच्या नक्षीच्या कामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. दगडातली पानं, पक्षी, माकडं! शिक्षिकेला दुसरं काय हवं? तिथून मेट्रोने चर्चगेट. ती भुयारी मेट्रो ऑक्टोबरपासून आरेहून थेट कफ परेडपर्यंत धावते. सरकत्या जिन्यावर पाय टाकायला मी बिचकले, तेव्हा मुलीने हात पुढे केला. पूर्वी बोईसरचं फाटक ओलांडताना मी तिचा हात असाच धरायची.

परतीच्या गाडीत मात्र खरी मुंबई कळली. विरारला अर्ध्याहून जास्त डबा रिकामा झाला, तरी आपल्या बायका अजून तासभर बसलेल्याच. कोणी खांबाला टेकून झोपलेली, कोणाचं घरी फोनवर कुकरच्या शिट्ट्या मोजणं चाललेलं. माझी मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी एका दिवसात एवढी दमले. ती हे आठवड्यातून सहा दिवस करते.

त्या रात्री मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी चहा घेताना म्हटलं, "बघितलं. घे खोली." माझ्या दोन अटी. शुक्रवारी रात्री घरी यायचं, आणि रोज रात्री एक फोन करायचा. तिचीही एक अट: मी दिवसातून एकच फोन करायचा. (हशा) १ जानेवारीपासून ती अंधेरीला राहते.

आता हे सोसायटीच्या समारंभात का सांगितलं? कारण मी 'हो' म्हणू शकले ते तुमच्यामुळे. पाच दिवस मी एकटी आहे, पण सकाळी दुधाची पिशवी घेताना समोरच्या वहिनी दाराशी थांबतात. वॉचमनकाका नऊ वाजता हाक मारतात. सी विंगमधली दोन मुलं संध्याकाळी गणित घेऊन येतात. शेजाऱ्यांवर विश्वास नसता, तर मी तिला अडवून ठेवलं असतं आणि तीही थांबली असती. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या आवारात तीनचाकी सायकली होत्या. आज काठ्या आहेत. मुलं मुंबईला, पुण्याला, परदेशी जाणार. ती निर्धास्त जावीत एवढं मागे आपण राहिलेल्यांनी एकमेकांसाठी करायचं आहे.

म्हणून दोन सूचना करते. मुलांनो, तुम्ही आम्हाला डॉक्टरकडे नेता, बँकेत नेता. वर्षातून एक दिवस तुमचं शहर दाखवायला न्या: तुमची गाडी, तुमची कचेरी, तुमचं हॉटेल. एका दिवसात दोनच ठिकाणं, मध्ये बसायला जागा, आणि परतीची गाडी गर्दीच्या आधीची. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, "आता काय बघायचं राहिलंय" म्हणून टाळू नका. दमलात तर दमलो म्हणा. मुलांना ते कळलेलं असतंच.

समितीला विनंती, की फेब्रुवारीत ज्येष्ठांची एक सहल काढावी. रविवारी, लोकलने. राजाबाई टॉवरची माहिती मी सांगेन, फुकट. नावं माझ्याकडे द्या, वही आणली आहे.

दहा मिनिटांची वीस झाली.  जय हिंद, जय महाराष्ट्र.