समुद्राच्या न्यायालयात आपली एक भगिनी



देशादेशांतील समुद्राचे तंटे सोडविण्यासाठी जर्मनीत हॅम्बुर्ग येथे एक न्यायालय आहे. तेथे २१ न्यायाधीश असतात. २०१७ साली भारताने डॉ. नीरू चढ्ढा यांना उभे केले आणि १२० राष्ट्रांच्या मतांनी त्या निवडून आल्या. त्या न्यायालयावर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आधी त्या आपल्या परराष्ट्र खात्याच्या मुख्य कायदा सल्लागार होत्या. बांगला देशाशी समुद्रहद्दीच्या वादात सरकारतर्फे त्याच उभ्या होत्या. अशी मते नुसत्या शिफारशीने मिळत नाहीत. पाठीशी वर्षानुवर्षांचे काम लागते.

आपल्या मावळच्या लेकी लोकलने पुण्याला शिकायला जातात. त्यांतली एखादी कायदा शिकते म्हणाली, तर चांगले स्थळ आले म्हणून तिचे शिक्षण अर्ध्यावर तोडू नका. मी सातवीवर थांबले, म्हणून कळकळीने सांगते.