आधी उलटायला शिका



भर उन्हाळ्यात चंद्रपुरात पाण्यावर बोलायला बोलावलंत, याबद्दल संयोजकांचे आभार. निदान विषय तरी गार असावा, असा त्यांचा हेतू असणार.

विषय आहे कयाक. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारायचं, अशी ही अरुंद, हलकी होडी. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी सीलच्या कातड्याची ही होडी शिकारीसाठी बनवली. ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यती १९३६च्या बर्लिन स्पर्धेपासून होतात. आता प्लास्टिकची कयाक आपल्याकडच्या तलावांवर आणि धरणांवर दिसू लागली आहे. पर्यटक येतो, जाकीट अंगात घालतो, डावं-उजवं समजून घेतो आणि पाच मिनिटांत पाण्यात जातो. मला बोलायचं आहे ते या पाच मिनिटांबद्दल.

होडी आपल्याला नवी नाही. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात आणि पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की गावचा संपर्क तुटतो. अशा मुलखात झाडाचं खोड कोरून केलेला डोंगा हेच कित्येक वर्षं वाहन होतं. ढिवरांच्या पोरांना वल्हं हाती देताना कुणी सर्टिफिकेट विचारलं नाही. मग आताच ते कशाला, असं कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन अपघातांत आहे.

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली. सप्टेंबर २०२१ मध्ये याच वर्धा नदीवर, वर अमरावती जिल्ह्यातल्या झुंज इथं नाव बुडून ११ माणसं गेली. गणपूरच्या बाया काही हौसेने पाण्यावर गेल्या नव्हत्या. त्यांच्या दुःखाशी पर्यटकाच्या गमतीची तुलना करणं मला रुचत नाही. पण पाणी दोघांना सारखंच वागवतं. होडी हाकणं ही एक विद्या आणि होडी उलटल्यावर जिवंत राहणं ही दुसरी. पहिली आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसरी, बसणाऱ्याला, कुणी शिकवतच नाही.

कयाकचं चांगलं शिक्षण इथूनच सुरू होतं. बंद कयाकमध्ये कंबरेभोवती रबरी झालर असते, ती होडीच्या काठाला घट्ट बसवतात. म्हणजे उलटलात की डोकं खाली, पाणी नाकात आणि पाय होडीत अडकलेले. पहिल्याच दिवशी गुरुजी तुम्हाला कमरेएवढ्या पाण्यात नेऊन मुद्दाम उलटवतात. शिस्त अशी: पुढे वाकायचं, होडीच्या पोटावर दोन-तीन थापा मारायच्या, झालरीच्या टोकाचा फासा पुढे ओढायचा, दोन्ही हातांनी काठ ढकलून बाहेर यायचं. थापा कशासाठी? त्या मारताना माणूस घाबरणं विसरतो आणि बाहेरच्यांना तो शुद्धीवर आहे हे कळतं. बाहेर आल्यावर होडी सोडायची नाही; पोहणाऱ्या माणसापेक्षा तरंगती होडी लांबून दिसते. मग सोबती आपल्या होडीवर तुमच्या होडीचं टोक आडवं ओढून घेतो, पाणी ओततो आणि तुम्ही पुन्हा चढता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वरून उघडी कयाक देतात. तिच्यात अडकायची भीती नाही, पण पाण्यातून परत वर चढण्याची कसरत तिलाही चुकत नाही. ती काठावर उभं राहून समजावता येत नाही. भिजावं लागतं.

वल्हवण्याचं म्हणाल, तर जोर दंडाचा नसून कमरेचा असतो. एवढं ज्याला कळलं त्याचे खांदे संध्याकाळी दुखत नाहीत.

आता सर्टिफिकेट. १८८०मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कनू असोसिएशनने पाण्याप्रमाणे पायऱ्या केल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे काठाजवळचं शांत पाणी. तिथल्या प्रशिक्षकाला दर चार वर्षांनी आपला दाखला नव्याने टिकवावा लागतो. शांत पाण्यावर शिकवण्याची मुभा असलेल्याने वाहत्या नदीत माणसं न्यायची नाहीत. मला हीच गोष्ट मोलाची वाटते. सर्टिफिकेट तुम्हाला काय येतं ते सांगतं, आणि कुठे थांबायचं तेही सांगतं. भिंतीवर टांगलेल्या कागदात ही दुसरी बाजू कुणी वाचत नाही.

आपल्याकडे पहिल्या पायरीसाठी जागांची वाण नाही. माजी मालगुजारी तलाव आहेत, घोडाझरी आहे, आसोलामेंढा आहे. वारा पडलेल्या सकाळी यापेक्षा चांगली शाळा कोणती? ताडोबा तलावाचं नाव मात्र कुणी काढू नये; तिथं मगरी आहेत आणि तो त्यांचाच आहे.

नद्यांचं तसं नाही. गोसेखुर्द धरणाची दारं उघडली की खालची वैनगंगा काही तासांत वेगळी नदी होते. मार्कंड्याजवळ चिचडोह बॅरेज आहे. अशा बांधाच्या पायथ्याशी पडणारं पाणी गोल फिरून माणसाला पुन्हा बांधाकडेच ओढतं. जाकीट घातलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून सुटता येईलच असं नाही. वरून पाहिलं तर ते पाणी फार भयंकर दिसत नाही, आणि हेच वाईट. बॅरेजच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंनी दूर राहायचं. प्रवाहात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने ठेवा आणि उभं राहू नका. खडकात पाय अडकला की प्रवाह माणसाला आडवा पाडून दाबून धरतो.

हे शिकवणार कोण? राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पाण्यावरचे खेळही त्यात आहेत आणि चालकांना नोंदणी सांगितली आहे. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, १९९०पासूनची. माझं मत विचाराल तर बाहेरून प्रशिक्षक आणून इथल्या ढिवर तरुणाला काठावर जाकिटं वाटायला उभं करणं हा उलटा कारभार आहे. कोणता डोह कुठे खचतो हे त्याला माहीत आहे. बचावाची पद्धत, प्रथमोपचार आणि दाखला एवढंच त्याला हवं. ते द्या, आणि पर्यटकाला त्याचा विद्यार्थी करा.

सुटीत मुलांना घेऊन एखाद्या तलावावर जाल, तेव्हा तासाचा दर विचारण्याआधी एवढं विचारा: उलटल्यावर काय करायचं, ते आम्हाला पाण्यात उतरवून दाखवता का? उत्तर "नाही" आलं, तर काठावरच बसा आणि डबा खाऊन परत या.