दुसऱ्या इंजिनाचा भरवसा



लहान द्विइंजिनी विमानाविषयी प्रवाशांची एक समजूत असते : एक इंजिन बंद पडले, तरी दुसरे आहेच. उंच आकाशात ही समजूत बव्हंशी खरी ठरते. परंतु विमान धावपट्टी सोडत असताना तिच्यावर विसंबणे प्राणघातक ठरू शकते. असे का होते आणि अशा वेळी वैमानिकाने काय करावयाचे असते, याचा विचार आज आपण करू.

प्रथम हिशेब पाहू. एक इंजिन गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली, हे उघड आहे. पण विमान वर चढते ते शिलकी शक्तीच्या बळावर. समजा, दोन्ही इंजिनांची मिळून शक्ती १०० आहे आणि एका पातळीत उडत राहण्यासाठीच त्यांतले ४० भाग खर्ची पडतात. मग चढण्यासाठी ६० उरतात. एक इंजिन बंद पडताच हाती राहतात ५०. त्यांतून ४० वजा जाता उरतात अवघे १०. शक्ती निम्म्यावर आली, पण चढण्याची क्षमता मात्र एक-षष्ठांशावर आली. शिवाय बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहून विमानाला मागे खेचतो आणि चाकेही अजून बाहेर असतात. हा सारा खर्च त्या १० भागांतूनच भागवावा लागतो. उन्हाळ्यातील दुपारी किंवा उंच पठारावर हवा विरळ असते. तेथे ही शिल्लक शून्याखालीही जाऊ शकते. सुमारे ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि कमी वेगाने उतरू शकणाऱ्या द्विइंजिनी विमानांना एका इंजिनावर वर चढता आलेच पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेच्या नियमांनीही कित्येक दशके केलेली नव्हती.

दुसरा प्रश्न नियंत्रणाचा. एका पंखावरील इंजिन ओढत असते आणि दुसऱ्या पंखावरील थांबलेले असते. त्यामुळे विमानाचे नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळते, मग तोच पंख खाली झुकू लागतो. हे वळण रोखते शेपटीवरील सुकाणू. पण सुकाणूचे बळ त्यावरून वाहणाऱ्या हवेवर अवलंबून असते. एका ठरावीक वेगाखाली ते पूर्ण दाबूनही पुरे पडत नाही. वेगदर्शकावर ही मर्यादा तांबड्या रेघेने दाखविलेली असते. एका इंजिनावर सर्वांत चांगली चढण ज्या वेगाला मिळते, त्याची खूण निळ्या रेघेने केलेली असते. प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पायपर सेमिनोल विमानात तांबडी रेघ ५६ नॉटवर आणि निळी ८८ नॉटवर आहे. या दोन रेघांमधील अंतर हाच उड्डाणातील सर्वांत नाजूक टप्पा होय.

म्हणून निर्णय आधीच, विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे असतानाच, घेऊन ठेवावा लागतो. चाके जमिनीवर असताना बिघाड झाला, तर दोन्ही थ्रॉटल मागे ओढून थांबावयाचे. जमीन सुटली आहे, पण चाके खालीच आहेत आणि पुढे पुरेशी धावपट्टी शिल्लक आहे, तर पुन्हा उतरावयाचे. धावपट्टी संपली, चाके आत घेतली आणि वेग निळ्या रेघेवर आहे, तरच उड्डाण चालू ठेवण्याचा विचार करावयाचा.

उड्डाण चालू ठेवताना पहिले काम विमान सरळ ठेवण्याचे. नाक खाली आणून वेग राखावा, सुकाणू दाबावे आणि चालू इंजिनाच्या बाजूला सुमारे पाच अंशांपर्यंत झुकाव द्यावा. पूर्ण शक्ती द्यावी. चाके व फ्लॅप आत घ्यावेत. मगच बंद इंजिन ओळखावे. सुकाणू दाबताना जो पाय मोकळा राहतो, त्या बाजूचे इंजिन बंद पडलेले असते. तरीही खात्रीसाठी त्याचे थ्रॉटल हळूच मागे घ्यावे. काहीच फरक पडला नाही, तर ओळख बरोबर. त्यानंतरच त्याचा प्रोपेलर फेदर करावा, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला धार देऊन उभी राहतात आणि ओढ घटते.

ही खात्री किती मोलाची आहे, ते ४ फेब्रुवारी २०१५ रोजी ताइपेई येथे दिसून आले. ते विमान लहान नव्हते. ते एटीआर ७२ जातीचे प्रवासी विमान होते. उड्डाणानंतर लगेच उजव्या इंजिनाचा प्रोपेलर आपोआप फेदर झाला, आणि वैमानिकाने सुस्थितीतील डावे इंजिन बंद केले. विमान नदीत कोसळले. ५८ जणांपैकी ४३ जण मृत्युमुखी पडले. ज्या इंजिनावर सर्वांचा जीव अवलंबून होता, तेच घाईने बंद केले गेले.

आणखी एक गोष्ट मनाला पटणे कठीण असते. वेग तांबड्या रेघेकडे घसरू लागला आणि विमान वळू लागले, तर चालू इंजिनाची शक्ती कमी करून नाक खाली करणे, हाच उपाय असतो. जमीन जवळ दिसत असताना उरलेली शक्तीही सोडून देणे अंतःप्रेरणेच्या अगदी उलट आहे. तथापि समोरच्या शेतात पंख समपातळीत ठेवून, ताब्यात असलेल्या विमानाने उतरणारे लोक पुष्कळदा वाचतात. उलटे होऊन आदळणाऱ्या विमानातून क्वचितच कोणी वाचते.

एकाच इंजिनाच्या विमानातील वैमानिकाला निवड नसते. इंजिन थांबले की तो समोर उतरतो. द्विइंजिनी विमानातील वैमानिकाला निवड मिळते, आणि तिच्याबरोबर चुकीची निवड करण्याची शक्यताही मिळते. म्हणून वजन, तापमान आणि धावपट्टीची लांबी यांचा हिशेब करून, एका इंजिनावर आपले विमान आज चढेल की नाही, हे त्याने उड्डाणापूर्वीच स्वतःला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उत्तर नकारार्थी असेल, तर काही सामान उतरवावे, किंवा सकाळच्या थंड हवेची वाट पाहावी. प्रवाशांची थोडी गैरसोय होईल. ती सोसण्यासारखी आहे.