चार बोटांचा मावळा

कवितेखेरीज मला आणखी एक नाद आहे. दसरा झाला की मी मातीचे मावळे रंगवायला बसतो. दिवाळीत आमच्या मोरगावातली मुलं दगडमातीचा ढीग रचतात, त्यावर ओलं पोतं अंथरून चिखल थापतात, उतारावर अळीव पेरतात. किल्ल्याच्या कोपऱ्यांना हटकून मनोरे करतात. मयूरेश्वराच्या देवळाला चार कोपऱ्यांत मिनारांसारखे मनोरे आहेत, तेच रोज डोळ्यांपुढं असतं ना!

किल्ल्यावरचं चित्र जेमतेम चार बोटांचं. पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवून आधी पांढरा हात द्यायचा. तो वाळला की चेहरा, मग अंगरखा, शेला, तलवारीची मूठ. डोळे सर्वांत शेवटी, टाचणीच्या टोकानं. भुकटीच्या रंगात डिंक कमी पडला तर रंग बोटांना लागतो, जास्त झाला तर त्याचे पापुद्रे सुटतात.

हा नाद लहानपणचा. तेव्हा आळीतल्या पोरांनी हिशेब सांगितला होता : आपले भगवे, शत्रू हिरवे, आणि शत्रूला दाढी. मी मुकाट्यानं दाढ्या काढल्या. चित्रं अंगणात वाळत होती. वडील कामावरून आले, वाकून बघत राहिले. त्यांना स्वतःला दाढी होती. त्यांनी एक चित्र उचललं, निरखलं आणि हलकेच जागेवर ठेवलं. बोलले काहीच नाहीत. सिंहासनावरच्या महाराजांनाही दाढी आहे, हे तेव्हा ना पोरांना सुचलं, ना मला.

पुढं कॉलेजात इतिहास वाचला आणि तो हिशेब पार कोलमडला. 1659 साली प्रतापगडाखाली महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, तर अफजलखानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. आमच्या जवळच्या पुरंदरला 1665 साली वेढा पडला तो मिर्झाराजे जयसिंगांच्या फौजेचा. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. आता यांना रंग द्यायचे तरी कोणते?

2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत पन्हाळा होता, म्हणून त्या दिवाळीला मुलांनी पन्हाळाच करायचा ठरवला. 1660 साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरनं वेढा घातला होता. तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर धावून आला सिद्दी हिलाल; त्या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. मी गेरूत काजळी कालवली आणि जौहर, हिलाल दोघांचे चेहरे एकाच वाटीतून रंगवले. अंगरखे सारखे, दाढ्या सारख्या.

नात शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "नाना, यातला आपला कुठला?"

मी म्हटलं, "एकजण वेढा घालायला आलाय, दुसरा वेढा फोडायला."

"पण ओळखायचं कसं?"

"दिसण्यावरून नाही ओळखता येत, बेटा. कशासाठी आलाय ते बघायचं."

तिनं थोडा विचार केला. मग हिलाल उचलून नेताजींच्या शेजारी ठेवला आणि मला बजावलं, "नाना, याचा मुलगा राहिलाय. तोपण करा."

तो रंगवायला घेतला तेव्हा अंगणात वडील वाकून उभे आहेत, असं उगाच वाटत राहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)