महाद्वार रोड आणि आमचा मोबाइल



नोव्हेंबरातल्या ९, १०, ११ या तारखा, आणि तशाच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. या संध्याकाळी कोल्हापुरातल्या घराघरांत मोबाइलवर एकच प्रश्न फिरत असतो : किरणं कुठवर आली? मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि गाभाऱ्यात अंबाबाईपर्यंत पोहोचतं. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा किरणोत्सवाचा क्रम आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. कधी ढग येतात, कधी हवेत धूळ असते, आणि कधी किरणांच्या वाटेवरचं एखादं बांधकाम आड येतं. मग मेसेज येतो, आज किरणं अमुक ठिकाणापर्यंतच आली. लगेच दुसरीचा प्रश्न, का गं, काय आडवं आलं?

नगररचना हा शब्द ऐकला की आपण चॅनेल बदलतो. पण रस्त्याच्या पश्चिमेला किती उंच बांधलं याचा देवीच्या पायावरच्या उजेडाशी काय संबंध, हे ज्या बाईला कळतं तिला नगररचना कळते. तिला फक्त कुणी विचारलेलं नसतं.

दुसरं उदाहरण पावसाळ्यातलं. जुलै लागला की राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी आपल्या फोनवर येऊ लागते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या बाईला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एकेचाळीस आलं की ती धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेते. हा मेसेज कामाचा का ठरतो? त्यात ठिकाण आहे, वेळ आहे आणि मोजमाप आहे. आमचं आजचं सगळं बोलणं या तीन गोष्टींभोवती आहे.

आम्ही म्हणजे देवळाच्या आसपासच्या पेठांत राहणाऱ्या काही बायका. कुणी मास्तरीण, कुणी शिवणकाम करणाऱ्या, दोघींची दुकानं, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. आमच्या लहानपणी तालमीच्या दारात, चौकात काळा फळा असायचा. गावात काही घडलं की त्यावर खडूनं टोमणा उमटायचा आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या पेठेच्या तोंडी असायचा. लोकांचं म्हणणं मांडायची कोल्हापूरची ही जुनी रीत. पण तो फळा पुरुषांचा. आम्ही जाता जाता तिरक्या नजरेनं वाचायचो. थांबून खडू हातात घेतलेली बाई आम्ही तरी पाहिली नाही. आता फळ्याच्या जागी व्हॉट्सॲपचे ग्रुप आले, आणि तिथंही बहुतेक तोच चौक भरतो. आम्ही त्यात आहोत, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्यापुरत्या.

फोनवरून गाव उठू शकतं हे आपण पाहिलंय. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण वनताराला नेली, तेव्हा स्टेटसवर, फेसबुकवर, जिकडेतिकडे तीच होती. सह्यांची मोहीम निघाली, आणि नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत लोक पायी चालत आले. तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "हत्तिणीसाठी सगळा जिल्हा जागा होतो, मग बाजारात बाईनं जायचं कुठं, यासाठी का नाही?" हसलो आम्ही. नंतर हसू ओसरलं.

कारण प्रश्न आत्ताचा आहे. ६ मे २०२५ ला चौंडी इथं झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. रक्कम १,४४५ कोटींच्या वर. एवढा पैसा गावाच्या मध्यावर खर्च होतो तेव्हा रस्ते बदलतात, दुकानं सरकतात, माणसं हलतात. काही घरं तर पिढ्यान्पिढ्या तिथंच राहिलेली. त्यातच महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. पूर्वी नगरसेवकाच्या बायकोला भाजी घेताना गाठून गाऱ्हाणं सांगता यायचं. हसू नका, ती पद्धत चालायची! ती वाट बंद झाली तशी लोकांची तक्रार फोनवर वळली.

म्हणून आम्हीही ग्रुप काढला. पहिला महिना सांगण्यासारखा नाही. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी उपासाच्या थालीपिठाची कृती, रात्री भांडण. महाद्वार रोडवरच्या फेरीवाल्यांचा विषय निघाला की दुकानवाल्या एका बाजूला, स्वस्त घेणाऱ्या दुसऱ्या बाजूला. "रस्त्याचं वाटोळं झालंय" असे मेसेज रोज यायचे. कुठल्या रस्त्याचं, कुठं, कसं, काही नाही. अशा मेसेजला अंगठा मिळतो आणि तो संपतो.

मग पंचगंगेच्या पातळीची आठवण आली आणि नियम केला. मेसेजमध्ये ठिकाण हवं, वेळ हवी आणि मोजमाप हवं. नुसता फोटो चालणार नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून जागेची मूळ नोंद निघून जाते, म्हणून "अमुक दुकानासमोर, डाव्या हाताला" असं शब्दांत लिहायचं. आणि कुणा बाईचा चेहरा फोटोत घ्यायचा नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी, देवळाला गर्दी असते त्या वेळेला, पापाची तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिरापर्यंत आम्ही चालत गेलो. हातात शिवणकामाची टेप. एकीबरोबर सासूबाई, गुडघेदुखीच्या. एकीच्या कडेवर नातू. या दोघींमुळं जे कळलं ते आम्ही एरवी वर्षानुवर्षं चालून कळलं नव्हतं. फूटपाथची एक पायरी एक वीत आणि वर चार बोटं. आम्ही तिथून सहज उतरतो. सासूबाई मात्र तिथं थांबल्या, भिंत शोधली, मिळाली नाही, आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. म्हातारी माणसं फूटपाथ सोडून रस्त्यावर का चालतात, याचं उत्तर त्या चार बोटांत होतं. बसायची जागा म्हणाल तर कुणाच्या तरी दुकानाची पायरी, तीही दुकानदार भला असेल तर.

घरी येऊन साध्या वहीच्या कागदावर नकाशा काढला, ग्रुपवर टाकला. त्यावर खूण केली : इथं झाडाखाली बाकडं हवं. पटापट अंगठे आले. आम्ही खूश.

तिसऱ्या दिवशी त्या झाडाखाली गजरे घेऊन बसणाऱ्या मावशींनी आमच्यातल्या एकीला हाक मारली. "बाकडं घालनार म्हनं. माझ्या बुट्टीवर बसनार काय गं तुम्ही?"

मान खाली गेली आमची. रोज गजरा त्यांच्याकडून घेतो, आणि नकाशात त्या नव्हत्या! त्यांच्याकडं बटणांचा फोन. ग्रुपवर नसलेली बाई आमच्या कागदावरूनही पुसली गेली. दुसऱ्यांनी आपल्याला विचारलं नाही म्हणून ग्रुप काढला, आणि पहिल्याच नकाशात तेच केलं.

त्यानंतर आम्ही दोघी-दोघी मिळून दुपारच्या सुस्त वेळेला बसणाऱ्यांकडं जाऊ लागलो. प्रश्न विचारायचा, त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं, आणि तो आवाज ग्रुपवर ऐकवायचा. लिहिता न येणाऱ्या बाईचं म्हणणं असं पहिल्यांदा शंभरजणींपर्यंत गेलं. स्वच्छतागृहाबद्दल आम्ही सगळ्या "लांब आहे, लांब आहे" म्हणत होतो. मावशी म्हणाल्या, "लांब हाय त्याचं न्हाई. बुट्टी कुनाच्या जिवावर टाकून जाऊ? म्हनून दुपारपातूर पानीच पीत न्हाई." म्हणजे बसायच्या जागेवरून दिसेल असं स्वच्छतागृह हवं, किंवा बुट्टी ठेवायला फळी तरी हवी. हे आमच्यातल्या एकीलाही सुचलं नव्हतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची मोहीम चालली, ती याच दुखण्यातून. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हे त्या बायकांनी चव्हाट्यावर आणलं.

फेरीवाल्यांबद्दल एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती, ती सांगतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असायला हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. म्हणजे गजरेवाल्या मावशींना तिथं खुर्चीचा हक्क आहे. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "बैठक किती वाजता असते?" सकाळची असेल तर फुलबाजार बुडतो.

आता फोन ठेवून कागदाकडं येऊ. ग्रुपवर कितीही लिहा, कायद्यानं ती हरकत होत नाही. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत लेखी द्यायचं, नंतर सुनावणीला बोलावतात. देवळाच्या आराखड्याची वाट वेगळी आहे, पण लेखी देण्याला तिथंही पर्याय नाही. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. महापालिकेची विभागीय कार्यालयं चार : गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. आपल्या पेठेचं कुठलं, ते आधी विचारून घ्या. आम्ही पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी रांगेत उभ्या होतो.

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. खोदाई न करता लोकांना रस्ता वापरून बघायला मिळाला. महाद्वार रोडवर एखाद्या मंगळवारी चार बाकडी नुसती ठेवून बघता येतील, असं आम्हाला वाटतं. कोण बसतं, कुणाची अडचण होते, ते मोजता येईल. अर्जात हेही मागितलंय.

काही सुना आमच्या ग्रुपवर येत नाहीत. मोठ्या ग्रुपमध्ये आपला नंबर अनोळखी लोकांना दिसतो, आणि घरी त्यावरून बोलणी बसतात. एकीला रात्री-अपरात्री नको ते मेसेज आले होते. तिला "धीट हो" असं सांगणं सोपं आहे, आम्ही ते सांगत नाही. तिनं एका ओळखीच्या मैत्रिणीला सांगायचं, मैत्रीण पुढं घालते, नाव न घेता. तिच्या मेसेजमधूनच कळलं की संध्याकाळी सातनंतर एका बोळात दिवा नसतो आणि ती रोज लांबच्या वाटेनं घरी जाते.

बाकड्याचा तिढा सुटला तो मावशींनीच सोडवला. झाडाच्या बुंध्याभोवती गोल कट्टा करा, म्हणाल्या, माणसं बसू देत, पण उगवतीकडची बाजू मला सोडा, दुपारी सावली तिकडं पडते आणि फुलं टिकतात. अर्जात ते त्यांच्याच शब्दांत लिहिलंय. खाली पहिला अंगठा त्यांचा आहे, शाईचा. मागच्या सोमवारी आवक क्रमांक पडला.