रक्तातले हमाल



हमालांच्या संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने हॉर्मोनांवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. चिटणिसांची अपेक्षा होती की मी १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलेन. त्यावर मी वर्षभर बोलतच असतो. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावरचे. तेव्हा माझी चूक झाली तर पुढे बसलेल्या डॉक्टरमंडळींनी मला येथेच टोकावे, संकोच करू नये.

या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. आमच्या यार्डात धान्य निवडणारी एक बाई आहे. तिचे वजन वाढले, रक्तदाब चढला, म्हणून एका दवाखान्यात तिचे रक्त तपासले. कॉर्टिसोल नावाचे हॉर्मोन असावे त्याच्या दुप्पट निघाले. ‘मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असेल, मोठ्या तपासण्या कराव्या लागतील,’ असे तिला सांगण्यात आले. बाईने पाटल्या गहाण टाकल्या आणि मग तो कागद घेऊन माझ्याकडे आली. मला काय कळणार? पण कागद हातात आला की तो समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मालकांचे हिशेब तपासताना लागलेली ही खोड आहे.

आता मूळ गोष्ट अशी. कॉर्टिसोल हे स्टेरॉइड जातीचे हॉर्मोन. ते कोलेस्टेरॉलपासून बनते, म्हणजे स्निग्ध कुळातले. तेल पाण्यात मिसळत नाही हे स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. रक्त तर बहुतांशी पाणी. मग हा माल अंगभर पोचायचा कसा? त्यासाठी रक्तात वाहून नेणारी प्रथिने असतात. त्यांतले कॉर्टिसोलचे खास प्रथिन यकृतात तयार होते. १९५९ साली स्लॉनव्हाइट आणि सँडबर्ग या अमेरिकन संशोधकांनी त्याला ‘ट्रान्सकॉर्टिन’ असे नाव दिले. मी त्याला हमाल म्हणतो. एका हमालाच्या पाठीवर एकच पोते, आणि आकडा असा रुतलेला की सहजी सुटू नये.

दुसरे प्रथिन अल्ब्युमिन. ते लिटरभर रक्तरसात चाळीस ग्रॅमच्या आसपास असते. ट्रान्सकॉर्टिन त्याच्या हजारावा हिस्सासुद्धा जेमतेम. पण अल्ब्युमिन म्हणजे यार्डातली बघ्यांची गर्दी. जे दिसेल त्याला हात लावील, लगेच सोडून देईल. त्यामुळे शंभर पोती धरली तर त्यांतली ऐंशी-नव्वद या मूठभर हमालांच्या पाठीवर, थोडी गर्दीच्या हातांत, आणि जेमतेम पाचएक सुटी. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनला वेगळा हमाल आहे; तेथे सुटा हिस्सा शंभरात दोनच्या घरात असतो.

आणि येथेच खरी मेख आहे. पाठीवरच्या पोत्याची भाकरी होत नाही! ते खाली उतरले पाहिजे. पेशीत शिरून काम करते ते मुख्यतः सुटे हॉर्मोन. सुटे वापरले गेले की पाठीवरचे थोडे खाली उतरते आणि हिशेब पुन्हा जमतो. म्हणून पाठीवरचा माल हा साठाही आहे. तो तसा धरून ठेवलेला नसता तर यकृताने आणि मूत्रपिंडांनी त्याची फार लवकर विल्हेवाट लावली असती.

मात्र नेहमीची रक्ततपासणी सगळी पोती एकत्र मोजते, पाठीवरची आणि जमिनीवरची. आमची बाई पाळी अनियमित म्हणून कित्येक महिने एक गोळी घेत होती. त्या गोळीत इस्ट्रोजेन होते. इस्ट्रोजेनमुळे यकृत हे हमाल जास्त तयार करते. गरोदरपणात तर त्यांची संख्या दुप्पट-तिप्पट होते. हमाल वाढले, पाठीवरची पोती वाढली, कागदावरचा आकडा फुगला. सुटा माल होता तेवढाच. तिला गोळीबद्दल कोणी विचारले नाही, आणि आपण होऊन सांगायला ती लाजली. वाचनालयात सापडले तेवढे घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न गोळ्यांचाच विचारला. गोळी सहा आठवडे बंद ठेवून पुन्हा तपासणी झाली. आकडा ठीक निघाला. लाळेतले कॉर्टिसोल मोजण्याचीही सोय आता आहे. लाळेत मुख्यतः सुटाच माल उतरतो.

या हमालांची एक करामत मला फार आवडली. अंगात कोठे जखम सुजली की पांढऱ्या पेशी तेथे धावतात आणि इलास्टेज नावाचे विकर सोडतात. ते विकर ट्रान्सकॉर्टिनचा एक फासा कापते, पकड सैल होते आणि सूज आवरणारे कॉर्टिसोल नेमके सुजेच्या जागी उतरते. तापानेही ही पकड ढिली पडते. पत्ता सांगणारा मुकादम नाही, चिठ्ठी नाही, तरी माल बरोबर दारात! हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता आमच्या माणसांचे. हमालाचे गुडघे आणि कंबर चाळिशीतच जाते. मग कोणी तरी पुडी देतो, दोन दिवसांत पोते हलके वाटते. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेले असते आणि देणारा ते सांगत नाही. प्रेडनिसोलोन असले तर तेही याच हमालांच्या पाठीवर चढते. पण शंभर मिलिलिटर रक्तरसातल्या हमालांची ताकद साधारण पंचवीस मायक्रोग्रॅम कॉर्टिसोलची. पाठी भरल्या की पुढचा माल गर्दीच्या भरवशावर, आणि सुट्याचे प्रमाण झपाट्याने चढते. ज्याचे यकृत दारूने वा काविळीने खंगले आहे, त्याच्याकडे गर्दीही विरळ. १९७१ साली बोस्टनच्या एका पाहणीत प्रेडनिसोन घेणारे इस्पितळातले रुग्ण तपासले होते. ज्यांचे अल्ब्युमिन शंभर मिलिलिटरला अडीच ग्रॅमच्या खाली होते, त्यांच्यात दुष्परिणाम दुपटीने आढळले. म्हणजे तीच गोळी अशक्त माणसाला जास्त लागते. आणि महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम टाकूनही चालत नाही. आयता माल मिळाल्याने आपली ग्रंथी बसून राहिलेली असते, तिला उठायला वेळ लागतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते. यार्डातल्या सभेत मी हे सांगितले तेव्हा सात जणांनी खिशातून पुड्या काढून टेबलावर ठेवल्या.

घंटा झाली. त्या बाईचे विचाराल, तर ती कामावर आहे, रक्तदाबाची साधी गोळी घेते. पाटल्या अजून सोडवायच्या राहिल्या आहेत.