काचबिंदूविषयी थोडेसे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या खेपेला डोळ्यांच्या दुखण्यावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले. ते मलाच का, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. माझ्या आईचा डावा डोळा काचबिंदूने गेला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा डॉक्टरी पुस्तके वाचून मी काही बोलत नाही. माझे माहेर दौंडचे. आईला घेऊन, आणि पुढे भावाला घेऊन, दौंडहून पुण्याच्या आगगाडीने ज्या खेपा झाल्या, त्यांत डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले तेवढेच सांगते.

पहिल्याने नावाचा घोटाळा काढून टाकू. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची नावे जुळ्यासारखी असली तरी दुखणी अगदी निराळी आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवले की माणूस पुन्हा पोथी वाचू लागतो. काचबिंदूत मार बसतो तो डोळ्यामागच्या नशीला. ही नस डोळ्यात उमटलेले चित्र मेंदूकडे पोचवते. सुमारे १० ते १२ लाख बारीक तंतू एकत्र होऊन ती बनलेली असते, आणि त्यातला जो तंतू वाळला तो वाळला. बदलून दुसरी नस घालण्याची विद्या आजपर्यंत कुणाला साधलेली नाही.

आता ही नस वाळते कशाने? डोळ्याच्या पुढच्या भागात आत एक स्वच्छ पाणी असते. रडताना येते ते हे नव्हे, ते बाहेरचे. हे आतले पाणी सारखे नवे होत असते आणि बुबुळाच्या कडेला एक बारीक चाळणी आहे, तिच्यातून निघून जाते. आपल्या मोरीचेच पाहा ना. नळ चालू राहिला आणि मोरीचे तोंड तुंबले तर पाणी चढते. डोळा तर चहूकडून बंद, मग पाणी जाणार कुठे? आतला दाब वाढतो आणि तो मागे नशीच्या तोंडावर पडतो. हा दाब साधारण १० ते २१ असा असतो. दंडाला पट्टा बांधून बघतात तो रक्ताचा दाब वेगळा, हा वेगळा. त्यामुळे माझे बीपी चांगले आहे म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. आणि गंमत अशी, की काहीजणांचा दाब २१ च्या आत असूनही नस वाळते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, डॉक्टरांनी नस स्वतः पाहावी लागते.

नस पाहतात म्हणजे काय पाहतात, तेही मी विचारले. नशीच्या तोंडाशी मुळातच एक छोटा खळगा असतो. आपण परातीत पीठ घेतो आणि पाणी घालायला मध्ये खळगा करतो, तसा. भोवतीचे पीठ जसजसे आत ढासळते तसतसा खळगा रुंदावतो आणि कड बारीक होते. तंतू वाळू लागले की नशीच्या खळग्याचे असेच होते. डोळ्यात उजेड टाकून हे आत पाहण्याचे यंत्र हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन पंडिताने १८५१ साली शोधले. त्याआधी हे जिवंत माणसाच्या डोळ्यात कुणालाच दिसत नव्हते.

आता माझ्या आईचे सांगते. आईला शेवटपर्यंत तांदळातला खडा दिसत होता. सुईत दोरा ती स्वतः ओवी. त्यामुळे डोळ्यांचा संशय कुणाला येणार? पण कडेला ठेवलेला तांब्या तिच्या पायाने उडू लागला. दाराच्या चौकटीला खांदा लागे. जिना उतरताना शेवटची पायरी चुके. घरातले म्हणत, म्हातारपण आले. काचबिंदूत नजर बहुधा कडेकडून जाते आणि मधली शेवटपर्यंत राहते. एका डोळ्याला दिसत नाही ते दुसरा भरून काढतो आणि मेंदूही पोकळ जागा आपल्या मनाने भरून टाकतो. दुखत नाही, लाल होत नाही. नंबर बदलला असेल म्हणून माणूस नवा चष्मा करून आणतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदूही होता. ज्या दवाखान्यात दाखवत होतो तिथे, पिकू द्या, घाई काय आहे, असे दोन वर्षे सांगण्यात आले. दाब कुणी मोजला नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली, भिंग उत्तम बसले, पट्टी काढली आणि आई म्हणाली, "दिवा लावा की गं." बायांनो, दिवसाचे अकरा वाजले होते. आत नस वाळून गेलेली होती. मोतीबिंदू पिकू द्यावा ही समजूत जुन्या काळच्या शस्त्रक्रियेतली. आता पिकेपर्यंत थांबावे लागत नाही, आणि फार पिकलेला मोतीबिंदू स्वतःच डोळ्याचा दाब चढवू शकतो. गावात शिबिर लागते, तिथे 'मोतीबिंदू नाही, घरी जा' असे सांगितले तर लगेच उठू नका. डोळ्याचा दाब आणि नस पाहिली का, एवढे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

उजव्या डोळ्यातही काचबिंदू निघाला, पण अलीकडच्या पायरीवर. तो थेंबांवर राखला आहे.

तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी मला विचारले, "तुम्ही भावंडे किती?" काचबिंदू रक्ताच्या नात्यात चालतो. आईबापांना किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर आपल्याला होण्याचा संभव इतरांच्या कितीतरी पट. आम्ही तिघे. धाकटी बहीण आणि मी लगेच तपासून घेतले. भाऊ ऐकेना. तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो, मागे दोन ट्रॉल्या. हंगामात पाटसच्या रस्त्याने रात्रीबेरात्री वाहतूक करतो. म्हणे, मला समोरचे लख्ख दिसते. मी म्हटले, "दादा, समोरचे आईलाही दिसत होते. कडेने सायकलवाला आला तर?" त्यावर तो दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. पाडव्याला मी वहिनीला हाताशी धरले आणि मग तो गेला. दाब निघाला २८, दोन्ही डोळ्यांत. नशीला मार बसायला नुकती सुरुवात झाली होती. वय बेचाळीस. आज तो थेंब घालतो, नजर आहे तेवढी टिकून आहे आणि गाडीही चालवतो. दर वेळी डॉक्टरांना विचारून.

तपासणीची भीती बाळगू नका. दाब मोजतात ते क्षणाचे काम. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्याने तीन-चार तास जवळचे अंधूक दिसते आणि ऊन सोसत नाही, म्हणून सोबत कुणीतरी न्यावे. खरी मौज नजरेच्या कक्षेच्या तपासणीत. एका पांढऱ्या घुमटात डोके टेकवून बसवतात, मध्ये बघत राहायचे आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचे. आई रडकुंडीला आली, म्हणाली, मी नापास झाले. काही ठिपके सगळ्यांचेच चुकतात, ते यंत्र मुद्दाम अगदी फिके ठिपकेही दाखवते.

माझ्या डोळ्यात काचबिंदू निघाला नाही, पण पाणी जाण्याची वाट अरुंद निघाली. ही दुसरी तऱ्हा आपण बायकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण ती पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसते. हिच्यात चाळणी हळूहळू तुंबत नाही; मोरीच्या तोंडावर पायपुसणे सरकून बसावे तसे बुबुळच एकाएकी वाटेवर बसते. मग डोळा लाल होतो, असह्य ठणकतो, अर्धे डोके फुटते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आमच्या वस्तीतल्या एका बाईंना लग्नघरी रात्री असे झाले. पित्त समजून सगळ्यांनी आले-लिंबू दिले, वर पित्ताच्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले तोवर नजर गेली होती. डोळा लाल, ठणका आणि उलटी एकत्र आली तर त्याच रात्री गाडी करून निघावे, शिरूरहून पुणे पासष्ट-सत्तर किलोमीटर आहे. तिथे ससून आहे, महंमदवाडीला देसाई नेत्र रुग्णालय आहे. माझी वाट अरुंद म्हणून डॉक्टरांनी लेसरच्या किरणाने बुबुळाला टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडले, म्हणजे पाण्याला दुसरी वाट झाली. चिमटा काढल्यासारखे वाटले. तासाभराने मी रसवंतीत बसून रस पीत होते.

आणखी एक सांगायचे, औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांचे. ऊसतोडीत पात लागते, धूळ जाते, पोरांचे डोळे खाजतात. दुकानदार थेंब देतो, दोन दिवसांत लाली जाते आणि ती बाटली मग घराचीच होते. पुष्कळदा त्यांत डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन अशी स्टिरॉइडे असतात. महिनेच्या महिने ती घातली तर काहीजणांच्या डोळ्याचा दाब चढतो, लहान मुलांचासुद्धा. मध, दूध आणि एरंडेल यांनीही दाब उतरत नाही. उलट डोळा चिघळायचा.

आपल्या देशात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली छापून आला होता. गावोगाव पाहण्या झाल्या तेव्हा बहुतेकांना आपल्याला हे दुखणे आहे याचा पत्ताच नव्हता. त्यांत बायकांचे तर विचारू नका. चष्मा धन्याला, शाळेच्या पोराला. आपण काय, कुठे वाचायला बसतो! चाळिशी उलटली की दर दोन वर्षांनी, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल, साखर असेल, मोठा उणे नंबर असेल तर दरवर्षी डोळे दाखवावेत.

शस्त्रक्रियाही होते, पण ती दाब उतरवण्यासाठी. गेलेली नजर तिने येत नाही. या कामात आपल्या देशाचे नाव जुने आहे. मद्रासच्या सरकारी डोळ्यांच्या इस्पितळातल्या एलियट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९०९ साली डोळ्याला बारीक भोक पाडून पाणी काढण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ती पुढे जगभर चालली. आताची रीत सुधारलेली आहे, पण हेतू तोच.

बहुतेकांचे मात्र थेंबांवरच भागते, आणि ते जन्मभर घालावे लागतात. इथेच गाडे अडते. थेंब घातल्याने जास्त दिसू लागत नाही, म्हणून लोक कंटाळून सोडतात. बाटली संपली आणि हात आखडता असला की बाई पहिल्याने स्वतःचे औषध थांबवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. स्वस्त जोड मिळते का, जनऔषधीच्या दुकानात आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचारावे. त्यात लाज नाही. दमा असेल किंवा नाडी मंद चालत असेल तर तेही आधी सांगावे, कारण टिमोलॉलचे थेंब अशांना बाधतात. काही थेंबांनी पापण्या लांब आणि दाट होतात. आमची आई त्यावर म्हणते, सत्तरीत मला रूप आले!

घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, बाटलीचे तोंड डोळ्याला लावू नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावी. बाटली फोडली ती तारीख तिच्यावर लिहावी, महिन्याने उरलेले टाकून द्यावे. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो, थेंब गालावरच जातो; आईला म्हणून वहिनी घालते, तुळशीपुढे दिवा लावून आली की लगेच, म्हणजे वेळ चुकत नाही.

आता हळदीकुंकवाला उशीर होतो आहे. कुणाला काही विचारायचे असेल तर मी शेवटपर्यंत इथे आहे.